मावशीला कळेपर्यंत

आमच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची परीक्षा दोनदा व्हायची. एकदा विद्यापीठाची आणि तिच्याआधी मंदामावशीची. मावशीकडे नापास होऊन विद्यापीठात पास झालेला माणूस निदान माझ्या माहितीत नाही. मावशी स्वतः सातवी पास.

वरळीच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला खिडकीपाशी तिची खोली होती. आमच्याकडे एकेका खोलीत पाच-सहा माणसं, एक टीव्ही आणि एखादं आजारी माणूस असायचंच. त्यामुळे अभ्यास करायचा तर पॅसेजमध्ये. पॅसेजमध्ये उजेड फक्त टोकाच्या खिडकीचा, म्हणून सगळी पुस्तकवाली मंडळी चटया घेऊन मावशीच्या दाराशी. ती उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडायची, नाहीतर बांगडे साफ करायची. अर्धा तास तुम्हाला वाचू द्यायची, मग म्हणायची, "पुस्तक मिट. आता सांग."

सांग म्हणजे तिला समजावून सांग. थर्मोडायनॅमिक्स असो, स्ट्रक्चर्स असो, सगळं मावशीला समजावून सांगायचं. तिला कळलं तर तुमचा अभ्यास झाला. नाही कळलं तर ती बांगड्याच्या पोटातून मान वर न करता म्हणायची, "माका नाय कळला. परत सांग." त्यात राग नसायचा आणि दयामायाही नसायची.

तिचे नियम साधे होते. फोन आधी तांदळाच्या डब्यात. (डबा थरथरायला लागला तरी उघडायचा नाही.) इंग्रजी शब्द चालतील, पण त्यामागे लपायचं नाही. "असंच असतं" हे उत्तर धरलं जाणार नाही. आणि झेरॉक्सवर तिचा भारी राग. परीक्षा जवळ आली की आम्ही हुशार मुलींच्या वह्यांच्या झेरॉक्स काढायचो आणि गठ्ठा हातात आला की निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. मावशी गठ्ठ्याकडे बघून म्हणायची, "मशीन पास होतला. तू नाय." एकदा तिने माझ्या पुस्तकातलं, मी पिवळ्या शाईने रंगवलेलं पान बघितलं. दर ओळ पिवळी. म्हणाली, "हळदीकुंकू केलंस काय गो पुस्तकाचा? आता ह्यातला डोक्यात काय ऱ्हवला, ता सांग."

समोरच्या खोलीतला सचिन सिव्हिलला होता. बोलायला एक नंबर. त्याने मावशीला बीममध्ये बेंडिंग मोमेंट येतो असं ठोकून दिलं. मावशी म्हणाली, "खंयसून येता?" सचिन म्हणाला, "लोडमुळे येतो." "आणि इलो की काय करता?" सचिन मिटलेलं पुस्तक उघडायला गेला. मावशी उठली, मोरीवरची फळी काढली, दोन बादल्या उपड्या घालून त्यांवर आडवी टाकली आणि त्याला म्हणाली, "उभो ऱ्हव मधी." सचिन ऐंशी किलोचा. फळी वाकली, आणि खालच्या अंगाने तिला करकर करत तडा गेला. "आता सांग, फाटला खंय? वर की खाली?" सचिन आज पुलांची कामं करतो. ताण खालच्या बाजूला येतो हे तो नव्या पोरांना शिकवताना म्हणे आजही स्वतःच्या पायाकडे बघतो.

माझी कथा फ्रिजची. मी मेकॅनिकलला, आणि थर्मोमध्ये केटी लागलेली. दुसऱ्यांदा बसत होते आणि घरात कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं. मी मावशीला सांगितलं की फ्रिज थंडी बनवत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तिने तिच्या फ्रिजच्या मागे हात लावून बघितला. जाळी गरम होती. "ह्या कळला," ती म्हणाली. मी हुरळले. मग तिने विचारलं, "मगे दार उघडा टाकला तर खोली थंड होतली?" मे महिना होता. मी जरासा विचार करून, शास्त्राच्या नावाने, "हो" म्हणून सांगितलं.

मावशीने फ्रिजचं दार सताड उघडलं आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तासभर उघडंच ठेवलं. आम्ही दोघी समोर बसून घाम पुसत होतो. खोली तापत गेली. फ्रिज धापा टाकत होता. आतली कोलंबी आणि शेजारच्या दोन घरांनी ठेवलेलं दूध, सगळं बाद झालं. दूधवाल्या घरांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशीने एका शब्दानेही बोल लावला नाही. तिला फक्त एवढंच हवं होतं, की कोलंबी का मेली ते मी नीट सांगावं. मला तीन दिवस लागले. उष्णता जिथून उचलली तिथेच टाकली, वर मोटरची भर पडली, हे जेव्हा तिला पटलं, तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला. मी इतक्या खुशीत उत्तर दिलं की ते दचकले.

आज मी शीतगृहांच्या यंत्रांचं काम करते. माझ्या नोकरीचा पाया मावशीच्या कोलंबीवर आहे, हे मी उगाच म्हणत नाही.

आम्ही तेव्हा धरून चाललो होतो की मावशीला हौस आहे. तिचा नितीन आमच्या मजल्यावरचा पहिला इंजिनिअर, कॉलेजच्या लायब्ररीत बसून शिकलेला. नोकरी लागली तसा मस्कतला गेला. त्याचे बाबा आधीच वारलेले. तो गेल्यावरच मावशीने उंबऱ्यात बसून आमच्या मागे "सांग, सांग" लावलं. मुलगा इंजिनिअर झाला, आता बाईला चव लागली, असं चाळ म्हणायची. कुणीतरी समोर बसून सांगावं, याच्यापलीकडे तिने आमच्याकडून कधी काही मागितलं नाही. पास झाल्याचा पेढासुद्धा अर्धाच घ्यायची.

मग चाळ पाडली आणि टॉवर झाला. तक्रार करायला जागा नाही, घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, घरातच संडास. माझे आईबाबा अकराव्या मजल्यावर, मावशी एकोणिसाव्या. पण पॅसेज गेला. आता लिफ्टपुढे एक चकचकीत लॉबी आहे आणि तिच्या चारी बाजूंना बंद दारं. प्रत्येक पोराला स्वतःची खोली मिळाली, ज्याच्यासाठी आम्ही जीव टाकत होतो, आणि ती पोरं दार लावून, कानात इअरफोन घालून, व्हिडिओवर शिकतात. मला त्या अंधाऱ्या पॅसेजची इतकी आठवण येते की माझी मलाच लाज वाटते. तिथे असताना आम्ही त्याला शिव्याच घातल्या होत्या.

मावशी सहजी हार मानणारी नाही. पहिल्या महिन्यात तिने लॉबीत चटई टाकली. दहा दिवस बसली. कुणी आलं नाही. मग ती लिफ्टमध्ये पोरं धरायला लागली. "काय शिकतंस? सांग." तळमजल्यापासून एकोणिसाव्यापर्यंत मिनिटभर मिळतं, त्यात मशीन लर्निंग सांगून होत नाही. पोरं मधल्याच कुठल्यातरी मजल्यावर उतरून जिन्याने जायला लागली. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी समजवायला गेले की लॉबीत बसणं नियमात बसत नाही. मावशी म्हणाली, "माका नाय कळला." त्यांनी परत सांगितलं. तिला परत कळलं नाही. चार वेळा सांगून त्यांना स्वतःलाच तो नियम पटेनासा झाला. पण चटई तिने आपणहून उचलली. कुणी येतच नव्हतं, तर बसायचं कुणासाठी?

गेल्या रविवारी आईकडे आले होते, म्हणून वर गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते. दार उघडंच होतं, मध्ये वीट लावून. मावशी पलंगावर, फोन हातात. "इलंस? बस. नितीनाचो फोन येतलो आता," ती म्हणाली. तिने पदर सारखा केला होता, केस विंचरले होते. व्हिडिओ कॉल नव्हता, साधाच होता. वाजला, तसा तिने स्पीकर लावला.

"जेवलंस?" तिकडून नितीनने विचारलं.

"जेवलंय. तू?"

"जेवलंय. गोळी घेतलंस मां?"

"घेतलंय. आज काय केलंस रे कामावर?"

"नेहमीचाच. प्लांटचा काम."

"काय काम ता सांग मां. काय हलता थंय? माका कळता आता."

तिकडून हसण्याचा आवाज आला. प्रेमाने हसला तो, वाईट असं काही नव्हतं त्यात. "आये, सोड ता. तुका कळूचा नाय. औषधा संपली तर सांग, पाठवतंय पैसे. ठेवू?"

दोन मिनिटंही झाली नव्हती. मावशीने फोन उशाशी ठेवला. मी कुठे बघावं ते न कळून खिडकीतून खाली बघत राहिले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बारावीत असताना त्याका एकदा सांगूचा होता माका. वही घेवन बसलो, आये आयक म्हणालो. मी भाकरी थापत होतंय. म्हटलंय, माका काय कळता त्यातला, जा थंय पुस्तक वाच. मगे तो लायब्ररीत जाव लागलो." उशी सारखी करत म्हणाली, "त्याका वाटता, आयेक काय कळना नाय. मीच तसा सांगलंय ना त्याका."

इतकी वर्षं ती आमच्याकडून शिकत होती. फळी, फ्रिज, सगळं. त्याच्या तोंडून एक वाक्य आलं तर ते तिला समजायला हवं, म्हणून.

खाली गाडी बोलावलेली होती. ती मी रद्द केली आणि मावशीच्या समोर पलंगावर मांडी घालून बसले. आम्ही सध्या नाशिककडे एका शीतगृहाचं काम करतोय. द्राक्षं, कॉम्प्रेसर, अमोनिया, सगळं सांगितलं. तिने दोनदा अडवलं. अमोनिया गळला तर माणसं कुठून पळणार, हे तिने विचारलं आणि ते दार आमच्या नकाशात चुकीच्या बाजूला आहे असं मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. अंधार पडायला लागला तेव्हा माझं सांगून संपलं.

मावशीने उठून दिवा लावला. मग हळूच म्हणाली, "नितीन पण असाच कायतरी करत असतलो, नाय गो?"

नितीन काय करतो यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो मावशी. अगदी असंच."