पाहुण्यांचं पाणी

एका जंगलात, मुलांनो, पाणी दोन प्रकारचं होतं. एक पाहुण्यांचं आणि एक आपलं.

पाहुण्यांचं पाणी उंबराखालच्या झऱ्यात होतं. गोड, नितळ आणि अगदी थोडं. सोयरीक जुळवायला कुणी आलं, की त्यातलं तांब्याभर काढायचे. आपलं पाणी होतं बोअरचं. ओढा आटला तेव्हा घुशींनी ती मारून दिली होती. आधी पाणी लागेना, म्हणून त्या आणखी खोल गेल्या. मग भसाभस लागलं. जंगलाचे सरपंच होते गवा. त्यांनी पहिला घोट घेतला, वाकडं होऊ लागलेलं तोंड सावरलं आणि म्हणाले, "चव जरा भारदस्त आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या असत्या.

या बोअरच्या पाण्यावर साळू नावाची साळिंदरीण रताळी लावायची. डोंगराच्या पायथ्याशी तिचा एक तुकडा होता. सासूच्या हाताखाली दगड वेचून वेचून तिने तो लागवडीला आणला होता. तिची दोन पिलं त्यावरच वाढत होती. पहिल्या साली वेल नुसते माजले. मग पानं कडेने करपायला लागली. मग जमिनीवर पांढरा थर धरला. शेवटी माती इतकी आवळली, की साळिंदराच्या नखांनाही उकरेना.

साळू सरपंचांकडे गेली. "सरपंच, ह्या पाण्यात कायतरी हाय. वाईच तपासून घ्या की."

"घेऊ की," गवा म्हणाले. "आपल्याला काय लपवायचंय?"

डोंगरापलीकडच्या तळ्यावर एक बगळा पाणी तपासायचा. दिवसभर एका पायावर उभा राहून तो पाण्यात बघत असे, त्यामुळे त्याच्या ज्ञानाबद्दल कुणाला शंका नव्हती. त्याचा निरोप आला, "एक भोपळाभर पाणी पाठवा."

लगेच सभा भरली.

"आपल्या जंगलाचं पाणी परगावी चाललंय," गवा गंभीरपणे म्हणाले. "परक्याच्या हातात आपण कुठलं पाणी देतो?"

"झऱ्याचं!" सगळे ओरडले.

आता तुम्ही म्हणाल, निदान साळू तरी बोलली असेल. नाही, बाळांनो. भोपळा तिनेच राखेने घासला आणि झऱ्यावर जाऊन तिनेच भरला. परक्यापुढे खारं पाणी ठेवणाऱ्या घरातली ती नव्हती.

बगळ्याने कळवलं, "पाणी उत्तम. पिकाला खुशाल द्यावं." जंगलात गुलाल उधळला. माकडांनी वेशीवर फळी ठोकली, 'उत्तम पाण्याचं जंगल'.

रताळ्यांना मात्र ही बातमी कुणी सांगितली नव्हती. ती करपतच राहिली. मग साळू मातीचं ढेकूळ घेऊन स्वतः बगळ्याकडे गेली. त्याने ते चोचीने चाखलं.

"मातीत मीठ साठलंय, बाई. पण काळजी नको. तुमचं पाणी उत्तम आहे. ते भरपूर सोडा, मीठ खाली धुऊन जाईल."

सल्ला अगदी बरोबर होता. फक्त तो झऱ्याच्या पाण्याला होता. साळूने बोअर दिवसभर चालू ठेवली. पाणी उन्हाने उडून गेलं, त्यातलं मीठ राहिलं. वेल बसले ते उठलेच नाहीत. पिलं भुकेने रडायला लागली, तेव्हा साळूच्या डोक्यात प्रकाश पडला.

ती धावत सरपंचांकडे गेली. "सरपंच, आपण झऱ्याचं पाणी धाडलं, तितंच चुकलं. बगळ्याला खरं सांगू. बोअरचं धाडू."

"आणि मुलखात तोंड कसं दाखवायचं? वेशीवरची फळी काढायची का?"

"मग निदान झऱ्याचं पाणी तरी माज्या रताळ्यास्नी द्या."

"ते पाहुण्यांचं आहे," गवा समजुतीच्या सुरात म्हणाले. "तू काय पाहुणी आहेस?"

साळूने पिलं पुढे घातली आणि डोंगर ओलांडून निघून गेली. मला तिचं फार वाईट वाटलं. जंगलाला वाटायला सवड नव्हती, कारण त्याच संध्याकाळी हरणांना तिच्या शेताचा शोध लागला. मीठच मीठ! सगळे चाटायला धावले. सरपंचांची जीभ सगळ्यांत लांब.

"काय माती आहे!" ते मिटक्या मारत म्हणाले. "आणि हिला इथे साधं रताळं पिकवता आलं नाही."

बऱ्याच वर्षांनी साळू धाकट्याच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली. आता ती दुसऱ्या जंगलाची होती. म्हणजे पाहुणी. सरपंचांनी स्वतः झऱ्याचं पाणी भरून तिच्यापुढे ठेवलं.

"घ्या साळूबाई. आमचं पाणी नावाजलेलं आहे."

साळू तांब्या घेऊन उठली आणि आपल्या शेताकडे गेली. चाटून चाटून तिथे खड्डा पडला होता. तिने घोटही न घेता सगळं पाणी त्या खड्ड्यात ओतलं.

"अहो, हे काय केलंत!" सरपंच कळवळले. "एवढं चांगलं पाणी! शेतात कुणी ओततं का?"

तात्पर्य : परीक्षेला नेहमी पाहुण्यांचं पाणी पाठवावं, म्हणजे पास होता येतं. नापास व्हायला आपली माती आहेच.