मंदाआत्या, नंदूकाका आणि दोन लाल बाण

"शुक्रवारपर्यंत निकाल लावतो," असं सौमित्रने सात देशांतल्या चाळीस लोकांना लिहून कळवलं, तेव्हा त्याला स्वतःविषयी काडीचीही शंका नव्हती. तशी ती त्याला कधीच नसते म्हणा!

प्रकरण असं. बडोद्याच्या एका कारखान्यात हा पोटापाण्याची नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात छोट्या वाचनालयांसाठीच्या एका मोफत सॉफ्टवेअरवर हौसेने राबतो. त्याचा कोड सगळ्यांना खुला, चर्चा खुली, कुणी नुसतं खाकरलं तरी यादीतल्या प्रत्येकाला ईमेल. या मंडळींना सॉफ्टवेअरचे भाग दाखवणाऱ्या आकृत्या काढायच्या होत्या आणि त्या कशात काढायच्या यावर चार महिने काथ्याकूट चालला होता. शेवटी तीन साधनं उरली. एक देखणं, पण कंपनीच्या मालकीचं. दुसऱ्यात माऊसने चौकोन ओढत बसायचं. तिसऱ्यात चित्र काढायचंच नाही. 'अमक्याकडून तमक्याकडे बाण' अशा ओळी लिहायच्या, आकृती आपोआप तयार होते. ठरलं होतं की एकच आकृती तिन्हींत काढून दाखवायची, आणि ती खऱ्या कामाची हवी. उगाच अ, ब, क असले चौकोन चालणार नव्हते.

खऱ्या कामाची एक आकृती सौमित्रकडे तयार होती. ती त्याने अवंतीसाठी काढली होती.

अवंती म्हणजे त्याची धाकटी बहीण. रविवारी तिचा साखरपुडा. मुलगा केयूर, डभोईचा, घरचे सगळे मोकळ्या मनाचे. अडचण आपल्याच घरात होती. मंदाआत्या आणि नंदूकाका, सख्खे बहीणभाऊ, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कार्याला आत्या आली की काका नाहीत, काका आले की आत्या नाही. आईबाबा गेल्यापासून या पोरीला वडीलधारी म्हणून ही दोनच माणसं, आणि दोघांचेही हात एकाच वेळी डोक्यावर हवेत एवढंच तिचं मागणं. लहरीपुऱ्याच्या बाजारातली साडीखरेदी बाजूला ठेवून महिनाभर ती दोन्ही घरी खेटे घालत होती. अखेर दोघं कबूल झाली, पण समोरचं माणूस नजरेला पडता कामा नये या अटीवर.

म्हणून सौमित्रने बैठकीची आकृती केली. कोण कुठे बसणार, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं तपशीलवार. आत्याकडून काकांकडे लाल बाण, काकांकडून आत्याकडे लाल बाण, आणि त्यावर लिहिलेलं, 'कारण माहीत नाही, जुनं आहे.' आत्याच्या चौकोनाखाली टीप होती: 'पहिल्या रांगेत न बसवल्यास फुगते.' काकांच्या चौकोनाखाली: 'श्रीखंड दोनदा विचारणे, नाहीतर गावभर सांगत सुटतात.'

गुरुवारी संध्याकाळी त्याने हीच आकृती तिन्ही साधनांत काढून चाळीस जणांपुढे टाकली. मराठीत तर आहे, फिनलंडात बसून कोण वाचतंय!

वाचलं की हो! हौसेने काम करणारी माणसं फार प्रामाणिक असतात. समोर आलेलं काहीही ती भाषांतर करून, तपासून, अभिप्रायासह परत देतात. शुक्रवारी सकाळी शेवउसळ खाता खाता सौमित्रने फोन उघडला आणि घास हातातच राहिला. सत्तावीस उत्तरं. साधनाबद्दल एक, उरलेली सव्वीस मंदाआत्याबद्दल!

फिनलंडच्या मिक्काने, हे सॉफ्टवेअरचेच दोन भाग असावेत असं समजून, मोठ्या काळजीने लिहिलं होतं की मंदा आणि नंदू एकमेकांना अडवून बसले आहेत, अशाने सगळं काम ठप्प होईल. ब्राझीलच्या एका बाईंनी विचारलं होतं, मंदा फुगते तर तिच्यासाठी जागा किती राखून ठेवायची? केरळच्या एका मुलाने सुचवलं होतं की श्रीखंडाबद्दल एकदाच विचारावं, दोनदा विचारणं वाया जातं. आणि ही दुरुस्ती तिघांनी मंजूरसुद्धा केली होती. शेवटी पुन्हा मिक्का: या बाणांचं कारण कोणालाच माहीत नसेल, तर ते काढून का टाकत नाही? आणि ही माणसं असतील, तर मंदाला आणि नंदूला कोणी विचारलं आहे का?

सौमित्रला हसू फुटलं आणि तिथेच विरलं. प्रत्येक ईमेल यादीतल्या प्रत्येकाला जातो. आणि सॉफ्टवेअर वापरून चुका सांगायला कोणी मिळेना, तेव्हा याच शहाण्याने एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचं नाव त्या यादीत घातलं होतं. त्या बाई म्हणजे मंदाआत्या!

आत्या ईमेल वाचते ती अथपासून इतिपर्यंत, तळटीपांसकट. त्याने घाईघाईने आकृतीच पुसून टाकली. आता खुल्या कामात पुसलेलंही सगळ्यांना कळवायची रीत असते. क्षणात चाळीस जणांना ईमेल गेला: 'सौमित्रने मंदा आणि नंदू यांना काढून टाकले.'

तेवढ्यात अवंती आतून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आत्याचा फोन येऊन गेला होता. आत्या ओरडली नव्हती, रडलीही नव्हती. "अवंती, मी फुगते?" एवढंच विचारून तिने फोन ठेवला होता.

"दादा, महिनाभर मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्या," अवंती म्हणाली, "आणि तू घरातलं सगळं जगाला वाटलंस." सौमित्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघं स्कूटरवरून आत्याकडे धावले. दाराला कुलूप! शेजारच्या इंदिराबाईंनी सांगितलं की मंदाबहेन मघाशीच तरातरा निघाल्या, कागद हातात, आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, वाडीत चल. वाडीत म्हणजे काकांच्या घरी. अकरा वर्षांत आत्याने त्या गल्लीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. आता तिथे काय रामायण झालं असेल कोण जाणे! वाडीच्या तोंडाशी स्कूटर सोडून दोघं पळतच काकांच्या दारात पोचले.

आत भांडणाचा मागमूसही नव्हता. झोपाळ्यावर आत्या आणि काका शेजारी शेजारी बसले होते, मांडीवर त्या आकृतीचा छापलेला कागद होता, आणि मधे चहाचे दोन रिकामे कप. आत्या काकांना विचारायला आली होती की आपलं नेमकं बिनसलं कशावरून, त्या परदेशी माणसाला उत्तर द्यायला हवं, विचारलेलं तसंच ठेवणं बरं नाही. काका म्हणत होते, बहुतेक नाशिकच्या लग्नात. आत्या म्हणत होती, छे, त्याच्या आधीच. केव्हापासून दोघं आठवत होते आणि दोघांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. टिपांबद्दल मात्र त्यांचं पूर्ण एकमत झालं होतं. असलं एकमत त्यांच्यात लहानपणीसुद्धा झालं नसेल. दारात सौमित्र दिसताच दोघांनी एकदम तोंड फिरवलं.

रविवारी पहिल्या रांगेत आत्या आणि काका खांद्याला खांदा लावून बसले. दोघांचे हात अवंतीच्या डोक्यावर एकदमच पडले आणि ती ओक्साबोक्शी रडली. केयूर बिचारा घाबरून पाणी आणायला धावला. इकडे आत्याने मिक्काला कळवलं होतं की कारण दोघांनाही आठवत नाही, बाण खोडून टाका; त्यावर चाळीस जणांनी एकमताने तिसरं साधन निवडलं. अख्ख्या घराण्याचं वाकडं दोन ओळी खोडून सरळ होतं, याहून चांगला पुरावा कोणता? सौमित्रचं नाव आभाराच्या यादीत सर्वांत वर गेलं.

हॉलमध्ये तो सर्वांत मागे उभा होता. सगळं आटोपल्यावर धीर करून पुढे आला, आत्याच्या पाया पडायला वाकला. आत्याने पाय आत ओढून घेतले.

"आत्या, किती दिवस हे?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

आत्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती काकांकडे वळली.

"नंदू, आपलं कारण तरी आपण विसरलो," ती म्हणाली, "याचं तर लेखी आहे."