गळ्यात हात, हातात माईक

पालममध्ये माणूस गेला, की लोक आधी लाकडांची सोय बघतात आणि लगेच मला फोन करतात! गर्वानं सांगत नाही, पण श्रद्धांजलीचं भाषण करावं तर माधवराव गुरुजींनीच, हे आमच्याकडं कुणीही सांगेल. कागद नाही, तयारी नाही. उजवा हात वर गेला, की शब्द त्याच्यामागं आपोआप येतात. ‘गरिबीतून वर आले’ म्हणताना हात पायरी-पायरीनं चढतो, ‘आपल्याला पोरकं करून गेले’ म्हणताना धपकन खाली येतो, आणि बायका पदर डोळ्यांना लावतात!

या उन्हाळ्यात किशनराव गेला. शाळेतला आमचा क्लार्क, माझा जिवाभावाचा मित्र. आणि त्याच आठवड्यात मी न्हाणीत घसरून उजवा हात मोडून घेतलेला! त्याची बायको, कुसुमवहिनी, सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाल्या, “भाऊजी, दहाव्याला तुमीच बोला. अख्ख्या गावाचं बोललात, ह्यांचं तेवढं राहू देऊ नका.”

“वहिनी, हात मोडलाय, तोंड शाबूत हाय!” मी छाती ठोकून सांगितलं. डाव्या हातानं.

दहाव्याला मारुतीच्या देवळापुढं मांडव होता. माईकचं काम किशनरावाच्या पुतण्याकडं, हरिओमकडं.

“गुरुजी, स्टँड मोडलंय. हा नवा माईक घ्या. वायर न्हाई, काई न्हाई. हातातच धरा.”

धरला. म्हणजे उजवा हात गळ्यात आणि डाव्यात माईक!

“आज आपण...” मी सुरुवात केली. सवयीनं प्लास्टरमधला हात उठायला गेला, कळ थेट मस्तकात, आणि पुढचा शब्द गायब! डावा उचलला, तर माईकही त्याच्याबरोबर निघाला. किशनराव कसा होता ते मला ठाऊक होतं हो! नुसता डोळ्यांपुढं उभा होता. पण तोंडात काही येईना. माझी मान खाली गेली.

आमचे माजी सरपंच आबासाहेब यांना वाटलं, स्तब्धता सुरू झाली! ते उठले. त्यांना बघून अख्खा मांडव उठला. माना खाली, डोळे मिटलेले. चहावाला किटलीसकट जागीच थांबला.

आता स्तब्धता संपवायची कुणी? ज्याच्या हातात माईक, त्यानं ‘ओम शांती’ म्हणायचं, ही आमची रीत. माईक माझ्या हातात! दोन मिनिटं कधीच उलटून गेली. कुणीतरी डोळे किलकिले करायचं, शेजाऱ्याचे मिटलेले बघून पुन्हा मिटून घ्यायचं.

“लय येळ झाला की!” मागून कुजबुज आली.

“गप! आजकाल असंच लांबवायलेत.”

रस्त्यावर एसटी थांबली. ड्रायव्हर मान खाली घालून उभा! “कोणी मंत्री गेला का?” कंडक्टरनं विचारलं. इकडं आबासाहेबांचे गुडघे लटपटायला लागले. खुर्ची मागंच होती, पण बसणार कसे?

मी खरंच धडपडत होतो. बाकीच्या मयतांची नावंसुद्धा मी कधीकधी मांडवात शिरताना विचारून घेतली होती आणि तरी तासतासभर बोललो होतो. आयुष्यात हे एकच भाषण मला मनापासून करायचं होतं! आणि माझ्या घशातून निघाला फक्त एक हुंदका. नव्या माईकनं तो बसस्टँडपर्यंत पोचवला.

शेवटी आबासाहेबच धप्पकन खुर्चीत कोसळले. त्या आवाजानं कुणीतरी “ओम शांती!” ओरडलं आणि सगळे सुटलो.

मी वहिनींपुढं जाऊन उभा राहिलो. “माफ करा वहिनी. त्याच्यासाठी एक शब्द बोलता आला नाही मला.”

“बरं झालं भाऊजी,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “ह्यांना तुमचं भाषण कधीच आवडलं न्हाई.”

“काय सांगता! दरवेळी पहिल्या रांगेत बसायचा की!”

“तुमचे हात बघायला. म्हणायचे, कानात कापूस घालून बसलं, की माधव लय झकास बोलतो.”

मला हसू फुटलं, आणि मग रडू काही केल्या थांबेना. गाढवानं हे जिवंतपणी सांगायचं की नाही? रोज संध्याकाळी त्याच्यापुढं नुसते हात हलवत बसलो असतो हो मी!