अभिसरण पावलेली शेगडी

बंगळुरूच्या एका सरकारी संशोधन केंद्रात गॅसच्या नव्या शेगडीचं गणित बसत नव्हतं. संगणक ज्योतीचं गणित पुन्हा पुन्हा करतो, दर फेरीला चूक कमी होत जाते आणि चूक दाखवणारी रेघ खाली येऊन आडवी पडली की ‘अभिसरण प्राप्त झाले’ असं म्हणतात. इथे रेघ आडवी पडायलाच तयार नव्हती. आढावा बैठकीपर्यंत अभिसरण न झाल्यास प्रकल्प बंद, असं संचालक मधुकर सबनीस यांनी बजावलं होतं. शेगडी प्रमोदिनी देशपांडे यांची. कित्येक वर्षं त्या तिच्यामागे होत्या, आणि ती लोकांच्या घरात पेटलेली बघावी एवढीच त्यांची इच्छा होती.

‘‘ज्योत हलणारच, सर. संगणकाला अजून लहान पावलं टाकू द्या. वेळ लागेल, पण जमेल,’’ त्या म्हणाल्या.

वेळ या बाबीला मंजुरी नव्हती. म्हणून आधी चूक किती चालेल याची मर्यादा वाढवण्यात आली. रेघ ऐकेना. मग ज्वलनातल्या शेकडो रासायनिक क्रियांपैकी एक ठेवून बाकीच्यांना सेवानिवृत्त करण्यात आलं. तरी ऐकेना. शेवटी उपसंचालक गुरुप्रसाद पुढे सरसावले. हे मूळचे खानापूरचे.

‘‘अक्का, गॅसचा वेग स्वल्प वाढवून बघूया की.’’

वेग वाढवला आणि रेघ शहाण्या मुलासारखी आडवी झाली. विभागात म्हैसूरपाक वाटला गेला.

प्रमोदिनीबाईंनी मात्र ज्योतीचं तापमान पाहिलं. सत्तावीस अंश.

‘‘सर, झोतानं ज्योत विझलीय. आत काही जळतच नाही, म्हणून गणित शांत झालंय.’’

‘‘अभिसरण झालं की नाही?’’

‘‘झालं, पण...’’

‘‘मग झालं तर. आपल्याला अभिसरण सुधारायला सांगितलंय. ज्योत ही ग्राहकाची बाब आहे.’’ सत्तावीस अंश बंगळुरूच्या हवामानाशी सुसंगत आहेत, असा शेराही सबनीस साहेबांनी मारला.

त्याच वेगाच्या शेगड्या कारखान्यात तयार झाल्या. अभिसरण झालेलं असल्यामुळे प्रत्यक्ष चाचणी अनावश्यक ठरली. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद होत होता, त्यामुळे मानांकन समितीने धूर शून्य, भाजण्याचा धोका शून्य, गॅसचा खप नगण्य असं नोंदवून पाच तारे दिले. शेगडी पेटते का, हे कुणी विचारायचं हे नियमांत नव्हतं.

इंदिरानगरच्या एका दुकानात प्रमोदिनीबाईंना एक मराठी गृहस्थ तीच शेगडी निरखताना दिसले. त्यांना राहवलं नाही.

‘‘घेऊ नका हो. ही मीच केलीय. पेटत नाही ती.’’

गृहस्थांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘बाई, पाच तारे आहेत. समितीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?’’

त्यांनी शेगडी बांधून घेतली. बाईंना भर दुकानात रडू आलं.

ते गृहस्थ तुम्हीच. नाही म्हणू नका, मी बघितलंय. शेगडी तुमच्या ओट्यावर मधोमध आहे, भात इंडक्शनवर शिजतो, आणि परवाच तुम्ही शेजाऱ्यांना सांगत होतात, ‘‘घ्याच तुम्ही पण. इतके दिवस झाले, एक डाग पडलेला नाही.’’