खाडीचा कोरडा दिवस

आंबोळीची खाडी दर गुरुवारी कोरडा दिवस पाळते. पालिकेनं तशी नोटीसच बजावली होती: डासांची पैदास थांबवण्यासाठी आठवड्यातून एक दिवस पाणी रिकामं करा, नाहीतर कारवाई. याच पालिकेनं वर्षानुवर्षं खाडीतला गाळ उपसला नाही, राडारोडा टाकणाऱ्यांना हटकलं नाही. नोटीस मात्र वेळेवर काढली. खाडी सरळमार्गी, तिनं ती पाळली.

प्रश्न होता पाणी ठेवायचं कुठं. काठावरच्या मंजुळाबाई वैतींचं पोट खाडीतल्या मासळीवर. शेजारधर्म म्हणून त्यांनी पडवीतलं निळं पिंप मोकळं करून दिलं.

एका गुरुवारी मलेरिया खात्याचे सोनटक्के तपासणीला आले. त्यांनी पिंपात बॅटरी मारली.

“मावशी, आज कोरडा दिवस. यात पाणी आहे.”

“माजा नाय ता. खाडीचा हाय.”

“अख्खी खाडी मावली यात?”

“ओहोटीला घेतली ना.”

हे सोनटक्क्यांना पटलं. “पण पाणी कुणाचंही असो, पिंप तुमचं. गटारात ओता.”

“गटार कुठं जातंय?”

“खाडीत.”

“आनि खाडी कुठं हाय?”

सोनटक्क्यांनी पिंपाकडे पाहिलं. “नियम आहे, मावशी.”

“मंग उद्या होडी कशात लोटू? तुमच्या नोटिशीत?” मंजुळाबाईंनी पिंपाला दोन्ही हातांनी मिठी घातली. “पिंप आडवा करायचा तर आधी मला आडवी करा.”

सोनटक्क्यांनी थोडा विचार केला. “रिकामं करता येत नसेल तर झाकण घट्ट हवं. फट दिसली की दंड आणि पाणी गटारात.”

मंजुळाबाईंनी फळी टाकली, वर पाटा ठेवला. सोनटक्के समाधानानं निघाले, तोच पाटा हलला. भरती लागली होती. फळी बोटभर उचलली गेली आणि फटीतून एका खेकड्यानं नांगी बाहेर काढली.

“फट दिसतेय,” सोनटक्के म्हणाले.

“मंग बसा वर. तुमच्याच नोटिशीचा पानी हाय.”

यात त्यांना काही गैर दिसलं नाही. त्यांनी पाटा खाली उतरवला, रुमाल अंथरला आणि ते फळीवर बसले. फळी जागच्या जागी गेली.

“पाणी उतरणार कधी?”

“सांज व्हईल. जेवून घ्या हितंच. ताजे बोंबील हायत.”

सोनटक्के नको म्हणाले. गुरुवारी ते मासळी खात नाहीत.

मंजुळाबाई डाळ शिजत लावायला आत गेल्या.