बोल्टाचा खुंटा

साजगावच्या पिंगळ्यांच्या घरातून पंधरा दिवस भांडणाचा आवाज आला नव्हता, त्यामुळे शेजारी काळजीत पडले होते. एरवी नळाला पाणी आलं की नाही हे आळीला पारूबाईंच्या आवाजावरून कळायचं आणि गेलं की नाही हे पोपटरावांच्या गुरगुरण्यावरून. आता दोघांत अबोला होता. साध्या भांडणात माणूस निदान दम खायला थांबतो. अबोल्यात तेवढीही सवड नसते.

कारण होतं घरचं जातं. पारूबाई दोन दिवस माहेरी, कुंभिवलीला गेल्या असताना दारात एक टेंपो येऊन थांबला. केळवलीजवळच्या माळावर जुन्या घरांचं आणि जुन्या वस्तूंचं उघड्यावरचं संग्रहालय निघालं होतं. त्यांची माणसं गावोगाव हिंडून नांगर, रांजण, पाळणे गोळा करत होती. पोपटराव कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांचा सत्कार एकदाच ठरला होता, त्या दिवशी संप झाला. इथं एका मॅडमनी त्यांना चक्क शाल पांघरली, हातात नारळ दिला, फोटो काढला आणि "दाते" म्हटलं. पोपटरावांनी परसातलं जातं उचलून दिलं. मॅडमनी आणखी एक शाल काढली असती, तर तुळशीवृंदावनही टेंपोत चढलं असतं.

पारूबाई परतल्या तेव्हा परसात मातीवर एक गोल डाग होता आणि बेघर झालेल्या मुंग्या सैरावैरा धावत होत्या.

"जातं कुठंय?"

"दान केलं. त्यावर कोण दळतंय आता?"

यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

तसं ते जातं पारूबाईंचं लाडकं होतं असंही नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याचा लाकडी खुंटा मोडला आणि पोपटरावांनी कारखान्यातून एक जाडजूड बोल्ट आणून त्या जागी ठोकला, वरून वायसर आणि नट. "मशीन मोडंल, खुंटा मोडायचा नाय," ते अभिमानाने म्हणाले होते. त्या बोल्टाने पारूबाईंच्या तळहाताला फोड आले आणि त्यांनी पुढची तीस वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते फोड तोंडी दाखवले. पण आता लेकीचं, रोहिणीचं लग्न ठरलं होतं. लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची, खुंट्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी हात लावायचा, ही घरची रीत. पोपटरावांची हळद त्याच जात्यावर दळलेली, त्यांच्या थोरल्या बहिणीची, आवडीआक्कांचीही. रोहिणी खालापूरला कचेरीत कामाला होती. ती म्हणाली, "आई, पुडीतली हळदपण पिवळीच असते गं." मग तिच्याशीही दोन दिवस अबोला झाला.

निरोपांची ने-आण करायला गल्लीच्या टोकाहून आवडीआक्कांना बोलावणं गेलं. पोपटराव खाटेवर, पारूबाई उंबऱ्यात, मधे हातभर अंतर आणि त्यात आक्का.

"वन्सं, त्यांना सांगा, जातं आल्याबिगर दारात मांडव पडायचा नाय."

"आक्का, तिला सांग, दान दिलेलं परत मागायला तोंड लागतं."

"त्यांना म्हणावं, तोंड हाय माझ्याकडं."

"ते साऱ्या साजगावला माहीतंय म्हणावं."

आवडीआक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "पोपट, ती म्हणते, चल. पारू, तो म्हणतो, चल."

रविवारी दुपारी खोपोलीहून गाडी सुटली तेव्हा डब्यात माणसांपेक्षा खिडक्या जास्त होत्या. पोपटराव डावीकडच्या खिडकीशी बसले, पारूबाई उजवीकडच्या. मधल्या बाकावर आक्का. पंखा चालू होता, वारा छान होता. लौजी गेलं आणि आक्कांची मान खाली पडली. दोघांमधली तार तुटली.

केळवली जवळ आली. पोपटरावांनी खिडकीतून पाटी पाहिली आणि मनात म्हटलं, उतरायचंय तिला, उठेल ती. पारूबाईंनी त्यांच्याकडे तिरप्या डोळ्याने पाहिलं. ते उठत नाहीत म्हणजे हे केळवली नसावं, किंवा असलं तरी यांनी मुद्दाम बसून राहायचं ठरवलं असावं. विचारायला गेलो तर आपण हरलो. गाडी थांबली. दोघं बसून राहिले. एक कोंबडी प्लॅटफॉर्मवरून आत डोकावून गेली. गाडी सुटली. आता आपण हललो तर चूक आपली ठरेल, या विचाराने दोघंही अधिकच ताठ बसले आणि पळसदरीही तशीच गेली.

कर्जतला आक्का जाग्या झाल्या. "आलं का रं संग्रालय?"

"आक्का, तिला विचार, केळवलीला का उठली नाय."

"वन्सं, पुढं कुणी चालायचं असतं? बाईनं का बाप्यानं?"

"जातं कुणाला पायजे? मला?"

आवडीआक्का दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "मी झोपूनच ऱ्हायले असते तर तुमी पार मुंबईला पोचला असता रं मुक्यानं! समुद्र आडवा आला म्हणून थांबला असता!"

परतीच्या गाडीला अवकाश होता. आक्कांनी प्लॅटफॉर्मवर तीन वडे घेतले. पोपटराव रागाने नको म्हणाले, ते नको म्हणाले म्हणून पारूबाईही नको म्हणाल्या, आणि एकटीने खाणं बरं दिसेना म्हणून आक्कांनी पुडी पिशवीत टाकली. दुसऱ्या खेपेला केळवलीला आक्का डोळे फाडून जाग्या होत्या. त्या आधी उतरल्या आणि वळून पाहतात तो दोघं आपापल्या बाकावर. "उतरा की गं! उतर रं मेल्या!" दोघं एकाच वेळी उठले, एकाच दाराशी आले आणि खांद्याला खांदा लावून दारात अडकले. मागे हटणं कोणालाच मान्य नव्हतं. शेवटी आक्कांनी भावाची गचांडी धरून त्याला उपसून काढला, त्याच्यामागून पारूबाई आपोआप निघाल्या.

रिक्षाने संग्रहालय गाठेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. माळावर सारवलेली घरं ओळीने मांडली होती. नीलेश नावाचा वाटाड्या त्यांना एका घरात घेऊन गेला. दोरीपलीकडे जातं ठेवलं होतं. तेल पाजून काळंभोर केलेलं, वर शिसवी खुंटा, बाजूला पाटी: हात लावू नये.

"खुंटा बदलला मेल्यांनी!" असं म्हणून पारूबाईंनी दोरी ओलांडली, एक पाय लांब, एक पाय मुडपून जात्याशी बैठक मारली आणि खुंटा गच्च धरला. "वन्सं, ह्यांना सांगा, जात्यासकट उठंन. नायतर उठायची नाय."

"आजी, बाहेर या, प्लीज," नीलेश रडकुंडीला आला. "वस्तू परत देता येत नाही. आता तो वारसा आहे."

"वारसा माझ्या घरचा. तू कोण रं मधे?"

गडबड ऐकून पुण्याहून आलेला एक घोळका आत शिरला आणि त्यांनी मोबाइल उचलले. "अय्या, प्रात्यक्षिक!" एक बाई म्हणाल्या. "मावशी, दळताना ओव्या पण म्हणता का?"

"आज शिव्या म्हणणार हाय. चालतील?"

"चालतील!" बाई उत्साहाने म्हणाल्या.

इकडे पोपटराव वेगळ्याच कामात होते. पाटीवर खाली बारीक अक्षरांत दात्याचं नाव होतं. चष्मा घरी राहिला होता, पण अक्षरांची लांबी त्यांना ओळखीची वाटेना. "आक्का, वाच बरं. पोपट पिंगळे, साजगाव, असं असंल."

आवडीआक्कांनी पाटीला नाक लावलं. "दाते," त्या वाचू लागल्या, "श्री. दत्ता गणपत ढवाळकर. कुंभिवली."

दत्ता गणपत ढवाळकर हे पारूबाईंचे सख्खे धाकटे बंधू.

"आक्का," पोपटराव अगदी गोड आवाजात म्हणाले, "तिला म्हणावं, माहेरचं जातं इथं लई शोभून दिसतं."

पारूबाईंनी खुंटा तापलेल्या तव्यासारखा सोडला. "दत्त्या! मेल्या! दोन दिवस तुझ्याकडं जेवले, तोंडातून अवाक्षर काढलं नायस!" इथून पुढे त्यांनी खरोखरच ओवीच्या चालीवर भावाचा उद्धार केला. घोळक्याने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून मॅडम आल्या. पोपटरावांना त्यांनी ओळखलं नाही. हा घाव वर्मी बसला. "मी दाता," ते ओरडले. "शाल दिलीत मला! माझं साजगावचं जातं कुठंय?"

"साजगावचं?" मॅडमनी आठवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, ते बोल्टवालं! ते मांडता नाही आलं हो. मागे शेडमध्ये आहे. अस्सल नाही ना ते. इतकं विचित्र दिसतं, लोक हसतील."

तीस वर्षांत त्या बोल्टाबद्दल पोपटराव घरात पुष्कळ ऐकून होते, पण घराबाहेर पहिल्यांदाच. ते हळूच दोरीला धरून उभे राहिले.

तेवढ्यात पारूबाई दोरीच्या अलीकडे आल्या होत्या. "काय विचित्र दिसतं?" त्यांनी मॅडमना विचारलं. आवाज खालचा होता, म्हणून आवडीआक्का दोन पावलं मागे सरकल्या. "बोल्ट विचित्र दिसतो? माझ्या नवऱ्यानं बसवलाय तो. सोताच्या हातानं. तुमच्या ह्या शिसवी खुंट्यानं वरीसभर तरी दळून दाखवा, मग बोला! तीस वर्षं हलला नाय तो. तुमचं आख्खं संग्रालय पडंल, बोल्ट पडायचा नाय! आणि हसतील म्हणं! हसा की, कोण हसतंय बघू दे मला!"

घोळक्यातलं कोणीच हसलं नाही.

"अहो, मग घेऊन जा ना," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "खरंच न्या. मांडलेली वस्तू देता येत नाही, पण मागची कितीही न्या. आख्ख्या तालुक्याने आम्हाला जातीच दिली आहेत. शेडचं दार लागत नाही."

शेडमध्ये जात्यांचा ढीग पडला होता. त्यात साजगावचं जातं शोधावं लागलं नाही. उन्हाची तिरीप आली तसा नट चमकला. पोपटराव त्याच्याकडे बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "पारू, तू तर म्हणायचीस, फोड येतात."

"येतातच."

"मग आता कशी..."

"ते मी म्हणंन. त्या बाईनं का म्हणावं?"

आवडीआक्कांनी आकाशाकडे हात जोडले. त्यांची नोकरी सुटली होती.

नीलेशने हातगाडीवरून जातं स्टेशनात आणलं आणि दोघा प्रवाशांच्या मदतीने दोन्ही दगडी तळ्या खोपोलीच्या गाडीत चढवल्या. हे त्याने इतक्या तत्परतेने केलं की गाडी हलेपर्यंत तो प्लॅटफॉर्मवर थांबून खात्री करत होता.

गाडी सुटली आणि पंधरा दिवसांचं तुंबलेलं पाणी सुटलं.

"मला इचारल्याबिगर दिलंच कसं?"

"तुझ्या भावानं तरी आईला इचारलं का?"

"माझ्या भावाला मधे आणू नका!"

"मी कुठं आणला? पाटीवर हाय तो! तेल लावून ठेवलाय!"

"एका शालीसाठी घर इकलं असतं तुमी!"

"दत्तानं काय फुकट दिलं? त्यालापण शाल असंल. माझ्यापरीस भारी!"

आवडीआक्कांना झोपायचं होतं, पण आता ते शक्य नव्हतं. त्यांनी मनाशी हिशेब केला: हे दोघं केळवली चुकवू शकतात, लौजी चुकवू शकतात, पण खोपोली शेवटचं स्टेशन. तिथं गाडीच पुढं जात नाही. या विचाराने त्यांना धीर आला.

खोपोली आली. आक्कांनी एका दणकट प्रवाशाला गाठून खालची तळी प्लॅटफॉर्मवर उतरवून घेतली, पिशवी उतरवली, स्वतः उतरल्या. वरच्या तळीचा बोल्ट एका बाजूने पोपटरावांनी धरला होता, दुसऱ्या बाजूने पारूबाईंनी.

"अगं उतरा की आता!" आक्का ओरडल्या.

"थांबा वन्सं, ह्यांना आधी कबूल करू द्या, कुणाची चूक!"

"मी करू कबूल? मी? सोड बोल्ट!"

"तुमी सोडा! हळद माझ्या पोरीची!"

"पोरगी काय माझी नाय?"

खोपोलीला गाडी पुढं जात नाही हे आक्कांचं म्हणणं बरोबर होतं. ती मागं जाते. भोंगा झाला, डबे हलले आणि गाडी कर्जतच्या दिशेने निघाली. दोघांच्या ध्यानात यायला अर्धा प्लॅटफॉर्म संपावा लागला. मग एका खिडकीतून पोपटरावांचं डोकं बाहेर आलं.

"आक्काऽ, तिला सांग, हे तिच्यामुळं झालं!"

लगेच पलीकडच्या खिडकीतून पारूबाईंचं आलं.

"वन्संऽ, त्यांना सांगाऽ..."

पुढचं ऐकू आलं नाही. आवडीआक्का खालच्या तळीवर बसल्या. "सांगते हां, सांगते," असं गाडीच्या पाठीला म्हणून त्यांनी पिशवीतून पुडी काढली आणि गार झालेल्या तीन वड्यांतला पहिला सावकाश खायला घेतला.