सगुणाबाईंची पाटी

मुलांनो, एका जंगलात राजाची डरकाळी कुणालाच समजत नसे. घाबरायचे मात्र सगळे.

म्हणून तिथे एक पद्धत होती. सिंहमहाराजांची आज्ञा झाली की कावळा तिचे तुकडे करून वडावर टांगी. मुख्य काम फांदीवर, बाकीचं तिच्या डहाळ्यांवर. कोणता तुकडा कोणत्या प्रकारचा, याची पाटी प्रत्येकाला लागे. सुतारपक्षी टकटक करून पाट्या तपासी. मग पोपट ती आज्ञा सगळ्यांच्या भाषेत सांगे.

एकदा आज्ञा झाली, 'उद्या मेजवानी. भोपळ्याची खीर आणि मध. रांधायला सगुणाबाई. जेवायला मी.'

सगुणाबाई म्हणजे राजवाड्यातली स्वयंपाकीण बदकीण. हाताला चव आणि स्वभावाने गरीब.

त्या दिवशी कावळ्याला घरी जायची घाई होती. त्याने सगळे तुकडे मेजवानीच्या फांदीला टांगले आणि फांदीवर पाटी ठोकली, 'खाद्य'. नियमच होता, जो फांदीचा प्रकार तोच डहाळ्यांचा, म्हणून सगळ्या डहाळ्यांनाही तीच पाटी लागली.

पोपटाने आज्ञा वाचली. तरस कढई घेऊन सगुणाबाईंच्या दारात हजर!

बाई धावतच वडाखाली आल्या. "अहो सुतारराव, मी खाद्य कशी? मी स्वयंपाकीण!"

"तुम्ही कोण, ते मला सांगू नका. मी पाटी तपासतो."

"पण पाटीच चुकलीय!"

"फांदीशी जुळते ना? मग बरोबर आहे."

सगुणाबाईंना रडूच कोसळलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी फोडण्या दिल्या आणि आता आपल्यालाच फोडणी! डोळे पुसता पुसता त्यांचं वर लक्ष गेलं.

"सुतारराव, ती शेवटची डहाळीही तपासा की. जरा मोठ्याने."

सुतारपक्षी कर्तव्यदक्ष होता. टकटक करून तो ओरडला, "महाराज. प्रकार, खाद्य. बरोबर आहे!"

तरसाने मान वळवली. लांडग्याने जीभ फिरवली. महाराजांनी जी डरकाळी फोडली, ती पोपटाशिवायच सगळ्यांना समजली.

तासाभरात नवा नियम निघाला. यापुढे सगळ्यांना एकच पाटी, 'काहीही'.

मेजवानी झकास झाली. तरसाने खीर अंगाला फासली आणि पत्रावळ खाल्ली. लांडगा मधात बसला. चूक कुणाची काढणार? सगुणाबाई मात्र पोट धरून हसत होत्या. सुतारपक्ष्यालाही बढती मिळाली, कारण त्याच्या तपासणीत आता एकही चूक सापडत नाही.

तात्पर्य : मुलांनो, आपल्याला चुकीची पाटी लागली तर ती चूक आहे हे सिद्ध करत बसू नये. तीच पाटी साहेबांनाही लागली आहे, एवढं चारचौघांत कुणाकडून तरी वाचून घ्यावं.